सदर्न स्टाईल फ्राइड फिश घरी: कोटिंग का सुटतं, मासा तेल का पितो आणि ते कसं टाळायचं

अमेरिकेच्या दक्षिणेत (सदर्न म्हणजे तिकडची), अटलांटा, ह्यूस्टन, शार्लट असल्या ठिकाणी राहणारे आपले लोक कुठल्यातरी साध्याशा हॉटेलात मक्याच्या कोटिंगमध्ये तळलेला कॅटफिश खातात, आवडतो, मग घरी करायला जातात आणि हमखास तीनपैकी एक गोष्ट होते. कोटिंग सुटून तेलाच्या तळाशी बसतं, नाहीतर मासा तेल पिऊन लदलदीत होतो, नाहीतर बाहेरून काळा आणि आत कच्चा. पुण्या-मुंबईत बासाचं पाकीट आणून करणाऱ्यांचं पण तेच. कारण बहुतेक वेळा एकच, आपल्या हाताला लागलेली सवय. मासा म्हटलं की आपण आलं-लसणाचं वाटण, हळद, आगळ लावून मुरवणार, रव्यात घोळवणार आणि तव्यावर कडेने तेल सोडत मध्यम आचेवर भाजणार. सुरमईला ते बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण ह्या प्रकारात मसाला पिठात जातो, माशाला लागत नाही, ओलेपणा पीठ चिकटण्यापुरताच ठेवायचा असतो, आणि तेल खोल आणि कडक लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्याच्यावरच उभ्या आहेत.

माप ४ जणांचं आहे: साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे २ पाउंड बिनकाट्याचे तुकडे.

१. मासा कुठला घ्यायचा

तिकडे हा मुख्यतः कॅटफिश, मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सामधल्या तळ्यांत पाळलेला. अमेरिकेत असाल तर तोच घ्या. शेजारीच स्वाई किंवा बासा नावाने स्वस्त फिले ठेवलेले असतात, ते चालतात पण त्यांना पाणी जास्त सुटतं, त्यामुळे पुढची दुसरी पायरी दुप्पट मनापासून करायची. व्हायटिंग पण तिकडे भरपूर तळतात, पातळ असतो, पटकन होतो.

भारतात असाल तर बासा सगळ्यात सोपा पडतो. ताजा पाहिजे तर जिताडा किंवा रावस, किंवा शिंगाळा मिळाला तर कोळणीकडूनच सोलून काटे काढून घ्या. बोंबील नको, त्यात पाणीच पाणी. बांगडा नको, त्याची स्वतःची चव इतकी पुढे येते की मक्याच्या कोटिंगचं काही कळतच नाही. आणि पापलेट असलं आडवंतिडवं कापून ह्यात घालू नका, जीव तुटतो.

तुकडे १ ते दीड सेंमी जाडीचे हवेत. फिलेचा डोक्याकडचा भाग जाड आणि शेपटीकडचा पातळ असतो, तो तसाच अख्खा तळला तर एक टोक करपतं तोवर दुसरं कच्चं राहतं. म्हणून जाड भाग सुरी आडवी धरून मधोमध चिरून दोन पातळ करायचे आणि मग तिरप्या ४-५ सेंमी रुंद पट्ट्या कापायच्या. कॅटफिशच्या कातडीकडच्या बाजूला मधोमध लालसर-तपकिरी पट्टा असतो, त्याच्या आसपास थोडी पिवळी चरबी. गोड्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास येतो तो तिथे जास्त असतो, तेवढं सुरीने खरवडून टाका.

तपासा: सगळ्या पट्ट्या ताटात शेजारी-शेजारी लावून बघा, जाडी सारखी दिसतेय ना? पातळ टोकं वेगळी काढून ठेवा, ती शेवटच्या घाण्यात.

२. पाणी काढणं (इथेच सगळे घाई करतात)

फ्रोझन मासा असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवायचा, तोही चाळणीत आणि चाळणीखाली भांडं. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोडवलात तर कडा शिजतात, मधला भाग बर्फच राहतो, आणि तो बर्फ नंतर कढईत वितळतो. म्हणजे काय होतं ते सांगायला नको.

मग पट्ट्यांना १ छोटा चमचा मीठ सगळीकडे चोळून १५ मिनिटं ठेवा. पाणी सुटेल, ते ओतून टाका आणि प्रत्येक पट्टी पेपर टॉवेलने किंवा जुन्या स्वच्छ सुती कापडाने दाबून कोरडी करा. नुसतं पुसायचं नाही, दाबायचं. बासा असेल तर कापड बदलून परत एकदा दाबा. आत पाणी राहिलं की तळताना त्याची वाफ होते, ती वाफ बाहेर येताना कोटिंगला ढकलते आणि पापुद्रा सुटतो. लोक पिठाला दोष देतात, अंडं घालतात, दोनदा घोळवतात, पण मूळ दुखणं ओल्या माशात असतं.

३. ताकात भिजवणं

अमेरिकेत दुकानात मिळणारं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा बरंच दाट आणि आंबट असतं. भारतात १ कप आंबट दही आणि अर्धा कप पाणी एकत्र फेटून घ्या, तेवढं दाट पाहिजे. मीठ-जिरं घातलेलं पाकिटातलं मसाला ताक चालणार नाही. ह्या दीड कपात १ मोठा चमचा लुईझियाना पद्धतीचा पातळ हॉट सॉस घाला. त्यात लाल मिरची, व्हिनेगर आणि मीठ एवढंच असतं. नसेल तर अर्धा चमचा तिखट आणि चमचाभर व्हिनेगर.

भिजवायचं अर्धा तास, जास्तीत जास्त तास, आणि फ्रीजमध्ये. आंबटपणाने मातकट वास कमी होतो, त्यासाठी हा खटाटोप. रात्रभर मुरवला की छान होईल असं वाटतं, पण मासा म्हणजे चिकन नाही, आंबटात जास्त वेळ राहिला की मऊ पडून घोळवतानाच तुटायला लागतो. लिंबू तर ह्या टप्प्यावर अजिबात नको, ते ताटात.

दुसरा रस्ता पण आहे. तिकडच्या कित्येक घरांत ताक वापरतच नाहीत, हॉटडॉगवर घालतात ती पिवळी मस्टर्ड माशाला दोन्ही बाजूंनी पातळ फासतात आणि थेट पिठात घोळवतात. मस्टर्डची चव तळल्यावर बहुतेक निघून जाते, पीठ मात्र घट्ट धरतं. ९०० ग्रॅमला २ मोठे चमचे पुरतात. बासासाठी मला हाच रस्ता बरा वाटतो, आधीच पाणीदार माशाला परत ताकात कशाला बुडवायचा. फक्त बंगाली कासुंदी घेऊ नका, ती फारच झणझणीत.

सावधान: आलं-लसूण पेस्ट नाही, हळद नाही, गरम मसाला नाही. ओली पेस्ट मासा आणि पिठाच्या मध्ये घसरडा थर करते आणि लसणाचे कण एवढ्या कडक तेलात मासा व्हायच्या आधी करपून कडू होतात. लसूण हवाच तर पावडर, आणि ती पिठात.

४. पीठ, म्हणजे खरी गडबड

ह्याला लागतं कॉर्नमील, म्हणजे वाळलेल्या मक्याचं थोडं रवाळ दळण. भारतात कॉर्नफ्लॉर म्हणून जे पांढरंशुभ्र पाकीट मिळतं तो मक्याचा नुसता स्टार्च असतो, सूप दाट करायचा. तो एकटा वापरलात तर वर पांढुरकं, काचेसारखं कडक कवच येतं आणि मक्याची चव शून्य. रोटीचं मक्याचं पीठ जवळचं आहे पण फार बारीक, त्याचा थर जड आणि पिठूळ लागतो. मक्याचा बारीक रवा मिळाला तर उत्तम. मी म्हणेन अर्धा रवा आणि अर्धं मक्याचं पीठ मिसळा. जाडा रवा एकटा नको, तळूनही दाताखाली खडे आल्यासारखं होतं.

अमेरिकेतला सापळा वेगळा. तिथे एकाच फळीवर साधं कॉर्नमील, सेल्फ-रायझिंग कॉर्नमील आणि कॉर्न मफिनचं मिक्स अशी तिन्ही पाकिटं असतात. सेल्फ-रायझिंगमध्ये मीठ आणि बेकिंग पावडर आधीच असते, चालवून घेता येतं पण मग तुमचं मीठ कमी करा. मफिन मिक्समध्ये साखर असते, आणि साखर म्हटल्यावर दोन मिनिटांत बाहेरून काळं. पाकिटाच्या मागे घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

माप असं:

- कॉर्नमील दीड कप
- मैदा अर्धा कप
- मीठ दीड छोटा चमचा
- मिरपूड १ छोटा चमचा, ताजी कुटलेली
- पॅप्रिका १ छोटा चमचा (भारतात बेडगीचं तिखट)
- केयेन पाव ते अर्धा छोटा चमचा (किंवा साधं झणझणीत तिखट)
- लसूण पावडर १ आणि कांदा पावडर अर्धा छोटा चमचा

मैदा कशाला, तर नुसतं कॉर्नमील नीट धरत नाही, गळतं. आणि मैदा निम्म्यावर नेला तर खरखरीत कुरकुरीतपणा जातो. तीनास एक हे प्रमाण मला जमतं. तयार केजन मसाला (लुईझियानाकडचा तिखट मसाला) वापरणार असाल तर त्यात पहिला घटक बऱ्याचदा मीठच असतो, तेव्हा वरचं मीठ सरळ गाळा. माशाला मीठ, पिठाला मीठ आणि वर तो मसाला असं तिन्हीकडून झालं की मासा तोंडात धरवत नाही.

तपासा: मिसळलेलं पीठ चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. थोडं खारट आणि थोडं तिखट लागलंच पाहिजे. बेचव लागलं तर मासाही बेचवच होणार, कारण सगळी चव इथेच आहे.

५. बाकीचं सगळं आधी उरका

एकदा तेल तापलं की गॅस सोडून हलायचं नाही, म्हणून टार्टर सॉस आणि कोबीचं कोलस्लॉ आत्ताच करून फ्रीजमध्ये टाका. टार्टरला अर्धा कप मेयो, २ मोठे चमचे बारीक चिरलेली आंबट काकडी म्हणजे बरणीतलं घर्किन, १ चमचा बारीक कांदा, लिंबू, मिरपूड, झालं. आपल्याकडचे एगलेस मेयो बरेचसे गोड असतात, त्याला लिंबू वाढवा. लिंबाच्या फोडी, हॉट सॉसची बाटली, साधे पांढरे ब्रेडचे स्लाइस टेबलावर. ओव्हन ९५ अंशांवर, म्हणजे २०० फॅरनहाइटवर, आत ट्रे आणि ट्रेवर जाळी.

६. भांडं आणि तेल

जाड बुडाचं भांडं हवं. भारतात गॅसवर लोखंडी कढई एक नंबर. पण अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये काचेच्या सपाट शेगडीवर गोल बुडाची कढई ठेवून त्यात दोन लिटर उकळतं तेल, असला प्रकार कृपया करू नका, ती डुगडुगते. तिथे सपाट बुडाचं बिडाचं खोल भांडं घ्या.

तेलाला शेंगदाण्याचं रिफाइंड सगळ्यात चांगलं, तिकडेही तेच जास्त आवडीचं. घाण्यावरचं नको. भाजी-आमटीला त्याच्यासारखं नाही, पण ते लवकर धुरावतं आणि फेसाळतं. कॅनोला, रिफाइंड सोयाबीन, सूर्यफूल चालतील. जेवायला बाहेरचं कोणी असेल तर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारा, तिकडे हा प्रश्न विचारणं नेहमीचं आहे.

खोली ५ सेंमी. २४-२५ सेंमीच्या सरळ भांड्याला सव्वादोन-अडीच लिटर लागतं, कढईला त्याहून कमी. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरायचं नाही, मासा टाकला की तेल उसळून वर येतं. एवढं तेल नको असेल तर सपाट बिडाच्या पॅनमध्ये २ सेंमी तेल घालून एकदा उलटून तळा, तेही अस्सलच आहे. मात्र त्याच्याखाली उतरलात तर तो आपला तवा फ्राय.

मध्यम-मोठ्या आचेवर १८० ते १८५ अंशांपर्यंत, म्हणजे ३६० फॅरनहाइटच्या आसपास न्या. थर्मामीटर घ्या हो, पिझ्झाच्या किमतीत मिळतो. नसेलच तर चिमूटभर कॉर्नमील टाकून बघा: लगेच तडतडून वर पसरलं आणि रंग सावकाश बदलला तर बरोबर, बुडून मग वर आलं तर थंड, पडताक्षणी तपकिरी झालं तर जास्त गरम.

सावधान: धूर दिसला की गॅस बंद. तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात मारायचं नाही, भांडं उचलायचंही नाही, गॅस बंद करून वरून झाकण सरकवायचं आणि थंड होईपर्यंत तसंच सोडायचं. त्यासाठी बसणारं झाकण आधीपासून हाताशी पाहिजे. स्मोक अलार्मला पिशवी बांधण्याची युक्ती लोक सांगतात, ती ऐकू नका, खिडकी उघडा.

७. घोळवणं (तेल तापत असतानाच)

तेल गॅसवर चढवलं की घोळवायला घ्या, दोन्ही कामं साधारण बरोबर संपतात. एक हात ओला, एक कोरडा. ओल्या हाताने पट्टी ताकातून उचला, थेंब पडायचे थांबेपर्यंत धरा आणि पिठाच्या पसरट ताटात टाका. कोरड्या हाताने वरून पीठ लोटा, तळव्याने हलकं दाबा, उलटा, परत दाबा, उचलून झटका. दोन्ही हातांनी करायला गेलात तर पाचव्या तुकड्यापर्यंत बोटांनाच भजी लागलेली असतात.

घोळवलेल्या पट्ट्या जाळीवर १० मिनिटं सुट्या ठेवा, एकावर एक नाही. हे सगळे टाळतात आणि इथेच निम्मी कोटिंगं सुटतात. ह्या १० मिनिटांत पिठाचा कोरडा पांढुरकेपणा जाऊन ते ओलसर, गडद पिवळं दिसायला लागतं, बोट लावलं तर पीठ बोटाला न येता माशालाच राहतं. तसं झालं की तयार. पण अर्ध्या तासावर ठेवू नका, मग खालून चिखल होतो, म्हणून मासा जास्त असेल तर दोन हप्त्यांत घोळवा.

सावधान: उरलेलं ताक आणि उरलेलं पीठ दोन्हीला कच्चा मासा लागलेला आहे. फेकून द्या. पीठ चाळून डब्यात परत भरणं ही काटकसर नाही, पोटदुखी आहे.

८. तळणं

एका वेळी ३-४ पट्ट्या, बस. पट्टीचं एक टोक धरून तेलात आपल्यापासून लांब दिशेने आडवी निजवा, वरून सोडू नका. पहिलं मिनिटभर हात लावायचा नाही, चिमटा नाही, झारा नाही. कोटिंग तेवढ्यात घट्ट होतं. मग झाऱ्याने अलगद हलवून सुटी करा.

मासा टाकल्यावर तापमान उतरणारच. ते १६५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी आच मोठी ठेवायची आणि वर चढायला लागलं की कमी करायची. इलेक्ट्रिक शेगडी उशिरा दाद देते, तिथे घाणा आणखी छोटा ठेवा. मंद आचेवर आतपर्यंत शिजेल हा आपला हिशोब इथे उलटा पडतो: तेल थंड असलं की कोटिंग घट्ट व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मासा तेल ओढत बसतो.

दीड सेंमीची पट्टी ४ ते ५ मिनिटं, पातळ टोकं अडीच-तीन. घड्याळापेक्षा कान आणि डोळे वापरा. सुरुवातीला मोठे, जोरात उसळणारे बुडबुडे आणि ढणढणीत आवाज असतो. मासा होत आला की तो वर तरंगतो, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, आवाज चिरचिरीवर येतो. रंग गडद सोनेरी, तपकिरीकडे झुकण्याच्या आधीच काढायचा, बाहेर काढल्यावरही थोडा चढतो.

तपासा: पहिल्या घाण्यातली सगळ्यात जाड पट्टी मोडा. मांस पांढरं, अपारदर्शक आणि पाकळ्या पाकळ्यांनी सुटलं पाहिजे. थर्मामीटर खुपसलात तर आत ६३ अंश, म्हणजे १४५ फॅरनहाइट.

घाण्यांच्या मध्ये दोन कामं: खाली पडलेले कॉर्नमीलचे कण बारीक जाळीच्या झाऱ्याने काढा आणि तेल परत १८० ला येऊ द्या. कण राहिले तर करपतात आणि तिसऱ्या घाण्यापासून सगळ्याच माशाला कडवट काळे ठिपके चिकटतात.

९. काढल्यावर

टिश्यू पेपरवर ढीग घालायची सवय मोडा. खालच्या बाजूची वाफ कागदात अडकते आणि पाच मिनिटांत तो भाग ओला. जाळीवर ठेवा, तेल निथळतं आणि हवा दोन्हीकडून लागते. गरम असतानाच चिमूटभर मीठ, आणि जाळीसकट ओव्हनमध्ये. ओव्हनमधला मासा अर्धा तास व्यवस्थित कुरकुरीत राहतो. झाकण, फॉइल, हॉटकेस, काहीही नको.

१०. त्याच तेलात हश पपी, म्हणजे कॉर्नमीलची छोटी गोल भजी (जमलं तर)

१ कप कॉर्नमील, अर्धा कप मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, पाव कप बारीक कांदा, १ अंडं आणि पाऊण कप ताजं बटरमिल्क, मासा भिजवलेलं नाही. १० मिनिटं ठेवून चमच्याने छोटे गोळे १७५ अंशांवर ३ मिनिटं. गोळे मोठे केलेत तर मधे कच्चे राहतात. मासा संपल्यावर, तेल गाळल्यासारखं स्वच्छ करून मगच.

बिघडलंच तर

कोटिंग चादरीसारखं अख्खं सुटतंय: मासा ओला होता किंवा १० मिनिटं थांबला नाहीत. उरलेल्या पट्ट्या जाळीवर तशाच थांबवा, पहिल्या मिनिटात झारा लावू नका.

तेलकट: घाणा मोठा किंवा तेल थंड. पुढचा घाणा निम्मा करा.

बाहेर काळा, आत कच्चा: तेल फार गरम, तुकडा जाड, किंवा पिठात साखर. काळा झालेला तुकडा ओव्हनमध्ये १९० वर ५-६ मिनिटं ठेवून आतून शिजवता येतो, चव मात्र परत येत नाही.

पिठूळ लागतोय: मक्याचं पीठ फार बारीक होतं किंवा घोळवल्यावर झटकलं नाही.

उरलं तर

मासा फ्रीजमध्ये दोन दिवस. गरम करायचा तो ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये १९० वर, जाळीवर, ८-१० मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ते कोटिंग पावासारखं मऊ होतं. तेल पूर्ण गार झाल्यावर सुती कापडातून गाळून बाटलीत भरा, वर "मासा" लिहा, म्हणजे त्यात कोणी चकल्या तळणार नाही, आणि फेसाळायला किंवा काळपट व्हायला लागेपर्यंत दोन-तीनदा वापरा. टाकायचं झालं तर बंद डब्यात भरून कचऱ्यात, सिंकमध्ये ओतू नका.